हवालदारांची पांढरी अंडी

पांढरं अंडं फोडताना मी आजही मान बाजूला वळवते. घरातले हसतात. हसू देत. त्यांनी हवालदारांच्या सोप्यातला तो वास घेतलेला नाही.

हवालदार लालासाहेब हे कुंडलमधले आमचे शेजारी. अठरा वर्षं पलटणीत काढून पेन्शनीत आले, पण घराला बराकच समजत राहिले. सकाळी अंगण झाडून झालं की मिशीला पीळ देत पाहणी करायचे आणि कोंबडीची शिट दिसली की बायकोच्या नावानं गर्जायचे. स्वतः त्यांनी कधी झाडू उचललेला मी पाहिला नाही. त्यांची बायको अंजनावैनी. उभ्या जन्मात त्या बाईनं नवऱ्याला 'व्हय' याखेरीज दुसरं उत्तर दिलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली माघात मानमोडीची साथ आली. वैनींच्या पंधरा कोंबड्या चार दिवसांत माना टाकून मेल्या, कोंबडाही गेला. उरली एकटी कबरी. त्यात थोरली लेक बनू हिला तिसरा महिना लागलेला, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. भादव्यात तिला कोंबडीचं आळणी, म्हणजे बिनतिखटाचा रस्सा, पाजायचं, तर पिलं आताच निघायला हवी होती. सुदैवानं कबरी खुडूक झाली, अंडी उबवायला बसू लागली, आणि वैनींच्या जिवात जीव आला.

गल्लीच्या टोकाला सुलाबाई राहायची. तिच्या कोंबड्या आणि कोंबडा साथीतून वाचले होते. आमच्याकडे रीत आहे, अंडी एकीची, खुडूक कोंबडी दुसरीची, आणि निघतील ती पिलं निम्मी-निम्मी. याला अर्धल म्हणतात. सुलाबाई अकरा अंडी द्यायला तयार होती. वैनींनी बुट्टीत काड घालून जागासुद्धा केली होती.

हवालदारांच्या कानावर हे गेलं आणि त्यांची मिशी थरथरायला लागली.

"हवालदाराची बायकू दुसऱ्याची अंडी उबवणार? अर्धलीनं? लाज हाय का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी एस्टीनं सांगली गाठून ते कुपवाडकडच्या एका पोल्ट्रीत गेले आणि बिस्किटाच्या डब्यात भुसा घालून बारा अंडी घेऊन आले. पांढरीशुभ्र, टपोरी. अख्ख्या गल्लीला दाखवली.

"बघा माल! एकेक कोंबडी बदकायेवढी हुईल."

वैनी हळूच म्हणाल्या, "आवं, पर त्या पोल्ट्रीत कोंबडा हाय का?"

"हजार कोंबड्या हायत तितं! हजार! आन् हिला एका कोंबड्याचं पडलंय!"

कोंबडा नसलेल्या खुराड्यातल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, हे आमच्याकडची शेंबडी पोरगीही सांगेल. हवालदारांना कोण सांगणार? मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं नाही. त्या नेभळटपणाची मला अजून लाज वाटते.

कबरी बिचारी इमानी. दिवसातून एकदा दाणे टिपायला उठायची आणि धावत परत जायची. एकविसावा दिवस गेला, चोच वाजली नाही. बाविसाव्या दिवशी वैनींनी परातीत कोमट पाणी घेऊन त्यात अंडी सोडली. जिवंत अंडं पाण्यात हलतं. बारांतलं एकही हललं नाही.

"पाणी गार हुतं," हवालदार म्हणाले.

सुलाबाई धावत आली. "आवं दाजी, कोंबडी अजून बसलीया. ही टाका आन् माझी घाला खाली. पायजे तर अर्धल बी नगं मला."

"पोस्ट सोडायची न्हाई! बसू दे तिला."

त्यांना कळलं होतं. मी शपथेवर सांगते, त्या माणसाला परातीतच सगळं कळलं होतं. पण सुलाबाईसमोर मान खाली कशी घालायची?

अठ्ठाविसाव्या दिवशी हवालदार सोप्यात जेवायला बसले असताना बुट्टीत फाट्दिशी आवाज झाला. मग दुसरा. असली घाण मी आयुष्यात हुंगली नाही. आमच्या चुलीपर्यंत वास आला, तशी मी धावत गेले. हिरवटकाळा चिकटा कबरीच्या पोटाला लागलेला, पिसांत उवा वळवळणाऱ्या, छातीचं हाड वर आलेलं, तरी ती उठेना. हवालदार टॉवेलानं नाक दाबून अंगणात पळाले आणि वैनींनी ती नासकी अंडी हातानं भरून उकिरड्यावर नेली. बाहेरून हुकूम चालूच होते, "पाणी टाक! राख टाक!"

सगळं धुऊन झाल्यावर निकाल लागला.

"कोंबडीच नालायक. काप तिला."

वैनी 'व्हय' म्हणाल्या. कापली, रांधली, वाढली. स्वतः तुकडा तोंडात घातला नाही. "हिच्यावर तर मांसच न्हाई," अशी कुरकुर करत हवालदारांनी ताट चाटूनपुसून साफ केलं. त्यातली वाटी आमच्याकडेही आली. मी ती मोरीत ओतली.

भादव्यात बनू बाळंत झाली, मुलगी झाली. खुराडं रिकामं. वैनी पदर सावरत सुलाबाईच्या दारात गेल्या. सुलाबाईनं लगेच अंड्यावर आलेली तलंग कोंबडी धरून हातात दिली. "बाळंतिनीला न्हाई म्हनायचं नस्तं, वैनी."

मी त्या दिवशी बाळाला बघायला गेले होते. आळणीचा वास घरभर दरवळत होता. हवालदार हातपाय धुऊन पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, "तंगडी मला वाढ."

वैनी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा ताटात दोन भाकऱ्या होत्या आणि मध्ये सोललेलं उकडलेलं अंडं. टपोरं. दुकानातलं, पोल्ट्रीचं.

"सुलाबाईची कोंबडी लेकीला," त्या म्हणाल्या. "तुमच्या वाट्याला कुपवाडचं."

मी बघत राहिले. आता हा माणूस ताट तरी भिरकावेल किंवा शरमेनं उठून तरी जाईल.

हवालदारांनी अंड्याकडे पाहिलं, वैनींकडे पाहिलं, आणि मीठ मागितलं.