मुलाखतीसाठी थांबलेली वरात

जर्मनीत शिकून झालं, पण नोकरी शोधायला मिळालेली मुदत संपत आली तरी हाती फक्त नकार. त्यातच चुलतभावाच्या लग्नासाठी नाचणगावला घरी आले, आणि नेमकी लग्नाच्याच संध्याकाळी शेवटची मुलाखत लागली, लॅपटॉपवर. ही हुकली की जर्मनी संपली. आणि वरात निघायची वेळही तीच.

"वरातीचं मी पाह्यतो," काका म्हणाले. मला वाटलं, दुसऱ्या गल्लीनं नेतील. काका कसले नेतात. त्यांनी ती आमच्या खिडकीखालीच थांबवली.

"पोरीचा इंटरव्ह्यू सुरू हाय. कोणी वाजवाचं नाई."

बँडवाले, आत्या, मावश्या, नटूनथटून आलेली अख्खी गर्दी चिडीचूप. घोड्यावरून नवरदेवानं हळूच विचारलं, "काका, मी उतरू का?"

"बसून राह्य," काका म्हणाले.

घरात लग्न आहे हे मी आधीच सांगितलं होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, मग इतकी शांतता कशी? मी लॅपटॉप उचलून सरळ खिडकीकडे फिरवला. घोडा सोडून सगळ्या वरातीनं बाईंना अदबीनं हात जोडले. त्या हसत सुटल्या, मग मीही. नोकरीवर मी तिथेच पाणी सोडलं, आणि म्हणूनच की काय, पुढची उत्तरं फाडफाड दिली.

शेवटी त्यांनी विचारलं, "एवढी माणसं सोडून इकडे राहवेल तुला?" मी होकारार्थी मान हलवली.

दारातून आई बघत होती. इंग्रजी तिला कळत नाही, पण आमच्याकडे पाहुण्यांसमोर मुलीनं मान हलवली की सोयरीक पक्की. ती खिडकीकडे धावली. "पक्कं झालं, वाजवा आता."

बँड असा दणाणला की बाईंनी हेडफोनच काढले. "त्यांना वाटतंय मला नोकरी मिळाली," मी ओरडून सांगितलं.

"मग त्यांना मी कशाला खोटं पाडू?" त्या म्हणाल्या. "उद्या मेल बघ."

मी धावतच रस्त्यावर आले. मुलगी आता परदेशातच राहणार म्हणून आई सगळ्यांच्या पुढे नाचत होती. "चाल, नाच," म्हणत तिनं माझा हात धरला. वरात मांडवात पोचली, बँड थांबला, सगळे जेवायला पांगले. आईनं हात सोडला नाही.