हात जन्मापासून वाकडा नव्हता

“कोपर कधी मोडलं होतं?” एक्स-रे बघत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“कवाच न्हाई. हात जन्मापासनं वाकडा हाय,” माझा मोठा भाऊ, दादा, माझ्याआधी बोलून मोकळा झाला.

“मोडलं होतं,” मी म्हणाले. “सुपं बांधून उडी मारली होती.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आजी, हे आधीच्या डॉक्टरांना का नाही सांगितलं?”

तिथेही दादाच बोलला होता. ते डॉक्टर मानेचं दुखणं म्हणत होते; त्याचा आणि कोपराचा काय संबंध, म्हणून मीही सांगितलं नाही.

आजाराचं नाव टार्डी अल्नर नर्व्ह पाल्सी. लहानपणी मोडलेलं कोपर वाकडं जुळतं, त्यामागची नस वर्षानुवर्षं ताणली जाते आणि म्हातारपणी पंजा निकामी व्हायला लागतो. मुलांनो, माझी उजवी करंगळी आधी बधिर झाली. मग कुलपात किल्ली फिरेना. मग पेन सुटायला लागलं. तुम्हाला पत्रं लिहिते तोच हा हात. आणि उपचार चालले होते मानेवर: पट्टा, गोळ्या, शेक. तोवर पंजाचं मांस झिजलं.

उडीचं ऐका. लहानपणी मला स्वप्न पडायचं, मी कोरेगावच्या आमच्या मळ्यावरून उडते आहे, खालून आई हाका मारते आहे आणि मी मुळीच उतरत नाही. एकदा आईची दोन सुपं दंडांना बांधली आणि कडब्याच्या गंजीवरून उडी टाकली. गाठी दादाने मारल्या होत्या. क्षणभर मी हवेत होते. कोणी काही म्हणो, होते.

दादा बैलगाडीतून पडला, तेव्हा त्याला साताऱ्याच्या इस्पितळात नेलं होतं. मला वेळूच्या कामट्या बांधून घरातच ठेवलं. वडिलांनी सगळ्यांना बजावलं, “जन्मापासनं हाय म्हणायचं. वाकडा हात खपंल, वाकडी पोर खपायची न्हाई.”

विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. विजेचे बारीक झटके देऊन नस कितपत चालते ते बघतात. झटके चावतात, पण सोसतात. बाहेर बाकावर दादा कुजबुजला, “नातवंडं झाली तुला. आता चारचौघांत कशाला उगाळायचं?”

“हात माझा चाललाय आणि अब्रू तुझी?” मी मोठ्याने म्हणाले. सगळा बाक वळून बघायला लागला. बघू दे.

ऑपरेशनमध्ये नस कोपरामागून काढून पुढे बसवतात. बाई आधीच म्हणाल्या होत्या, “उरलंय ते वाचवू. गेलेलं परत येईलच असं नाही.” तसंच झालं. मुंग्या थांबल्या, पेन धरता येतं, करंगळी मात्र सरळ होत नाही. बाईंची मी ऋणी आहे. आणखी कुणाची नाही.

तुम्ही उडून बघा. पडलात, तर कसे पडलात ते डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगा. तुमचं उत्तर दुसऱ्याला देऊ देऊ नका.

काल दादा मोसंबी घेऊन आला. शेजारीण विचारत होती, हाताला काय झालं?

“न्हाणीत घसरली,” दादा म्हणाला.

“उडाले होते,” मी म्हणाले. “गाठी ह्यानं मारल्या होत्या. सैल.”