कुवेतकाकू आणि काकांचे बोगदे

कुवेतकाकू भर उन्हाळ्यात गाडी उन्हात लावायला लावायच्या. दोह्यात जुलैच्या दुपारी ज्याला सावलीत जागा मिळाली त्याने देवाचे आभार मानावेत, आणि ह्या बाई मॉलच्या तळघरातलं गारेगार पार्किंग सोडून मला बाहेरच्या उघड्या मैदानात पिटाळायच्या. परत येऊन स्टिअरिंगला हात लावावा तर तव्यावर ठेवल्यासारखा चटका! मी कुरकुर केली की त्यांचं वाक्य ठरलेलं, "ऊन चालेल गं बाई, डोक्यावर जमीन नको." एकदा मी वैतागून म्हटलं, "काकू, एक दिवस दोघी इथे भाजून निघू." तर म्हणाल्या, "भाजलो तरी लोकांना दिसू तरी!" आणि स्वतःच खो-खो हसल्या.

खरं तर त्यांना कुवेत सोडून वीस-पंचवीस वर्षं होऊन गेली होती. पण आमच्या मराठी मंडळात एकाच आडनावाच्या तीन काकू. एक चकलीवाल्या, एक योगावाल्या आणि ह्या कुवेतच्या. त्यांना हे नाव ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. "योगावाली होण्यापेक्षा बरं," म्हणायच्या. अल गराफाच्या आमच्या कंपाउंडमध्ये त्यांचं दार आमच्या दारासमोर, त्यामुळे त्यांच्या घरातला कुकर झाला की मला कळायचं आणि माझ्या घरातलं भांडण त्यांना.

त्यांच्या तऱ्हा तरी किती सांगाव्यात! गाडीत पेट्रोल अर्ध्याच्या खाली आलं की त्यांचा जीव वरखाली. दाराशी खुंटीला कापडी पिशवी, तिच्यात पासपोर्ट, औषधं, मेणबत्ती आणि भाजलेल्या पोह्यांची पुडी. गणपतीच्या कार्यक्रमाला गेल्या की खुर्ची दाराजवळचीच हवी, पुढची मानाची दिली तरी नको. पुढे शेजारच्या देशांनी सीमा बंद केल्या आणि अख्खं दोहा दुधासाठी दुकानांवर तुटून पडलं, तेव्हा काकू शांतपणे दारात उभ्या राहून विचारत होत्या, "माझ्या फ्रीझरमध्ये दूध आहे, कुणाला हवंय?" त्या दिवशी मात्र त्यांना हसणारे सगळे मुकाट्याने पातेली घेऊन रांगेत उभे होते. त्यात मीही.

अरबी त्या फाडफाड बोलायच्या. आम्ही बाकीचे यल्ला, खलास आणि शुक्रनच्या पुढे सरकलो नाही. काकू मात्र नाक्यावरच्या येमेनी दुकानदाराशी त्याच्या मुलीच्या बाळंतपणापर्यंत बोलून यायच्या. ती भाषा त्या शिकल्या कुवेतमध्ये, आणि ती भीतीही त्यांनी तिथूनच आणली.

कुवेतवर हल्ला झाला तेव्हा काका भारतात होते. त्यांच्या आई अंथरुणाला खिळल्या म्हणून नाशिकला गेले आणि तिकडेच अडकले. इकडे काकू आणि त्यांची चिमुरडी लेक. इमारतीतली सगळी कुटुंबं खालच्या तळघरात जाऊन राहिली. सरदाब म्हणतात त्याला तिकडे. वरून रणगाडे गेले की छताची माती डोक्यावर पडायची. दिवे गेले की अंधारात जो तो आपापल्या माणसाला हाक मारायचा आणि तो "आहे" म्हणायचा. कुणी मल्याळीत, कुणी गुजरातीत, कुणी अरबीत. काकू लेकीला हाक मारायच्या, ती "आहे" म्हणायची. मग काकूंची दुसरी हाक, काकांना मारायची, तोंडातच राहायची. "आम्ही खाली आहोत हे वर कुणाला ठाऊकच नव्हतं गं," एवढंच त्या सांगायच्या. "मेलो असतो तरी कळलं नसतं." शेवटी बसमधून वाळवंट तुडवत अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला पोचल्या.

आता ह्यातली गंमत पाहा. काकांचा धंदा बोगद्यांचा! तरुणपणापासून जमिनीच्या पोटात शिरायचं, हेच त्यांचं काम. मुंबईच्या विमानतळावर काका घ्यायला आले, तेव्हा काकूंनी त्यांना एकच अट घातली. "तुम्हाला दुसरं काम येत नाही, तेव्हा जा खाली, माझी ना नाही. पण त्यातलं एक अक्षर घरात आणायचं नाही. मला ऐकवणार नाही." आणि त्या भल्या माणसाने ती अट पाळली. इतकी वर्षं! जेवताना "मीठ दे" आणि "आमटी छान झालीय" ह्यापलीकडे मी त्यांना बोलताना ऐकलं नाही. नवीन माणसाला वाटायचं, काका मुळातच अबोल आहेत.

अबोल कसले! संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात येऊन बसले की माझ्या नवऱ्यापुढे त्यांच्या बोलण्याला नुसता पूर यायचा. वर्ल्ड कपसाठी दोह्याच्या पोटात मेट्रो खणली जात होती आणि काका त्या कामावर होते. टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून ते बोगदा काढून दाखवायचे, खडक कुठे मऊ लागला, खारं पाणी कुठून आलं, सगळं. तेवढ्यात समोरचं दार वाजलं की बोट थांबायचं आणि काका म्हणायचे, "तर काय, त्या कोहलीने काल..." मला फार वाईट वाटायचं. एवढी माया असलेली माणसं, आणि एकाचं अख्खं आयुष्य दुसऱ्याला माहीत नाही. पण नवरा-बायकोच्या मध्ये बोलणारी मी कोण?

खणायचं काम संपत आलं तेव्हा कंपनीने एक बेत केला. रूळ पडले की आत कुणालाच जाता येणार नव्हतं, तेव्हा त्याआधी अर्ध्या दिवसासाठी घरच्या मंडळींना खाली नेऊन बोगदा दाखवायचा. भारतीय मंडळींना फिरवून माहिती द्यायचं काम काकांकडे आलं. हा त्यांचा शेवटचा बोगदा होता. त्यानंतर निवृत्ती आणि नाशिक. ते घरी काही बोलले नाहीत. निमंत्रणाचं कार्ड फ्रिजला लावलं आणि कामावर गेले. काकूंनी आठवडाभर त्या फ्रिजमधून भाजी काढली, दूध काढलं, कार्डाकडे बघितलं नाही. आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "तू जाणार आहेस ना? मी तोंडापर्यंत येते. आत नाही यायची. आधीच सांगून ठेवते, ओढाओढ करायची नाही."

सकाळी आम्हा सगळ्यांना बसने नेलं. हेल्मेट, केशरी जाकिटं आणि पायात हे एवढाले बूट! चकलीवाल्या काकूंचे बूट तर चालताना मागेच राहत होते. जमिनीत एक प्रचंड चौकोनी खड्डा होता. त्याच्या कठड्यावरून मी डोकावले आणि कठडा घट्ट धरला. खाली माणसं मुंग्यांएवढी. काकू बसच्या दारालाच चिकटून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

काका समोर आले ते मला वेगळेच वाटले. ताठ मान, खणखणीत आवाज. "आत जायच्या आधी प्रत्येकाने आपला बिल्ला इथे अडकवायचा," म्हणाले आणि त्यांनी एका मोठ्या फळ्याकडे बोट दाखवलं. फळ्यावर ओळीने खिळे आणि खिळ्यांवर नावांचे बिल्ले. "जो आत गेला त्याचा बिल्ला इथे. बाहेर आला की ज्याचा त्याने काढून घ्यायचा."

"आणि एखादा राहिला तर?" मागून आवाज आला. काकूंचा!

सगळे वळले. इतक्या वर्षांत बायकोने काकांना कामाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मग ते हळूच म्हणाले, "तर त्याला शोधायला जायचं. फळ्याजवळचा माणूस हलत नाही. शेवटचा बिल्ला निघेपर्यंत इथून कुणीही घरी जात नाही."

"रोज?"

"रोज. माझाही बिल्ला असतो की इथे."

काकू चालत फळ्यापाशी गेल्या. तिथे बसलेल्या मिशाळ, वयस्कर नेपाळी गृहस्थाला त्यांनी हिंदीत विचारलं, "भैया, आप कहीं जाओगे तो नहीं?" तो हात जोडून म्हणाला, "माताजी, आप आओगे तब तक यहीं हूँ." काकूंनी आपला बिल्ला काकांच्या बिल्ल्याशेजारच्या खिळ्यावर अडकवला. माझा हात घट्ट धरला. "चल," म्हणाल्या.

लिफ्टने खाली उतरलो तशी उन्हाची झळ सरली, गाड्यांचा आवाज सरला. समोर बोगदा. अगं बाई, काय सांगू! मी आयुष्यात देवळं पाहिली, लेणी पाहिली, पण माझ्या तोंडून असा "अबब" कधी निघाला नव्हता. गुळगुळीत गोल भिंती, एकापुढे एक काँक्रीटच्या कड्या, आणि दिव्यांची रांग दूर वळणावर जाऊन नाहीशी झालेली. ओल्या सिमेंटचा वास. आमच्या बरोबरची एरवी फक्त इंग्रजीत चिवचिवणारी मुलंसुद्धा गप्प झाली. काका सांगत होते, "आत्ता आपल्या डोक्यावर सूक वाकिफचा जुना बाजार आहे. वर कुणीतरी मसाला तोलतंय, कुणी चहा पितंय. त्यांना आपला पत्ता नाही." कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी असलेला खडक आपण कापला, आजवर ह्या जागी माणसाचं पाऊल पडलं नव्हतं, हे ते सांगायला लागले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. वाटेत काम करणारी माणसं, कुणी तुर्की, कुणी फिलिपिनो, कुणी आपल्या बिहारचा, काकांना बघून बाजूला होत होती आणि "बाबा, बाबा" म्हणून हात हलवत होती. काकू सगळं बघत होत्या. बोगद्याकडे कमी आणि काकांकडे जास्त.

दोन बोगद्यांना जोडणारी एक आडवी वाट होती, तिथे आम्ही थांबलो. काकूंनी भिंतीला हात लावला. बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "इथले दिवे बंद होतात?"

"होतात, एवढ्या वाटेतले. का?"

"करा."

मी म्हटलं, "काकू, अहो, कशाला उगाच?" त्यांनी ऐकलंच नाही. काकांनी सगळ्यांना जागच्या जागी उभं राहायला सांगितलं आणि बटण दाबलं. तसा अंधार मी पुन्हा पाहिलेला नाही. डोळे उघडे की मिटलेले हेसुद्धा कळेना. आणि त्या अंधारात काकूंचा बारीक आवाज आला.

"अहो."

"आहे," काका म्हणाले. अगदी जवळून.

दिवे लागले तेव्हा काका चष्मा पुसत होते आणि काकू पदराने डोळे. मी तर हमसून रडत होते, लाज कसली त्यात! बाकीच्यांना काय झालं ते समजलं नाही. योगावाल्या काकू मला म्हणाल्या, "घाबरलीस ना? दीर्घ श्वास घे."

वर येऊन काकूंनी आधी काकांचा बिल्ला काढला, मग आपला. बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. वाटेत एका वळणावर सिग्नल लागला आणि मागच्या सीटवर मला स्पष्ट ऐकू आलं. काकू म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा. गाळायचं काही नाही."

त्या दिवसापासून काका आमच्या व्हरांड्यात यायचे बंद झाले. माझा नवरा हिरमुसला, पण समोरच्या खिडकीतून काकांचा आवाज यायचा आणि मध्येच काकूंचा, "थांबा थांबा, पाणी आलं तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात?" सह्याद्रीतल्या वीजप्रकल्पाचा पहिला बोगदा सांगून व्हायला कित्येक आठवडे लागले. काका फार तपशिलात जायचे आणि काकू त्यांना पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. पुढे निवृत्ती झाली, सामान बांधलं. विमानतळावर निरोप देताना काकू माझ्या कानात म्हणाल्या, "अजून कुवेतपर्यंतच आलोय गं. पुष्कळ राहिलंय." लग्न ठरलेल्या मुलीसारखा चेहरा होता त्यांचा. मी त्यांना मिठी मारली तेव्हा त्या हसत होत्या आणि मीच रडत होते.

नाशिकला गेल्यावर काकांना जेमतेम वर्ष मिळालं. थोडक्या आजाराचं निमित्त झालं. मी फोन केला तेव्हा काकू रडल्या नाहीत. म्हणाल्या, "कोकण राहिलं गं. कोकणातल्या रेल्वेचं उद्यापासून सांगतो म्हणाले होते." आपण एवढी वर्षं ऐकलं नाही हे त्या स्वतःला म्हणत असणारच, आणि त्यावर कुणाकडे काय औषध आहे?

वर्ल्ड कप सुरू झाला. त्या दिवसांत दोहा दोहा राहिलं नव्हतं. मी मॅचला निघाले होते आणि मेट्रोच्या स्टेशनात ही गर्दी! अर्जेंटिनाचे ढोल, मोरोक्कोची गाणी, घोषणा, सगळं जग सरकत्या जिन्यावरून खाली खाली चाललेलं. मला काकांची इतकी आठवण आली की मी तिथेच खांबाला टेकून काकूंना फोन लावला. पलीकडे खडखड आवाज येत होता.

"काकू, कुठे आहात?"

"कोकणच्या रेल्वेत. रत्नागिरीच्या पुढे. काल हा तुकडा करून झाला, पण रात्र पडली, नीट दिसलं नाही. म्हणून आज परत बसलेय."

"एकट्या?"

"मग काय, वरात घेऊन जाऊ? त्यांच्या हाताखालचे एक सावंत इथे असतात, त्यांना विचारून घेतलंय कुठला कुठला बोगदा ह्यांचा ते. आता सगळे पाहायचे, मग दिल्लीची मेट्रो. तिकडे काय गोंधळ चाललाय गं?"

मी म्हटलं, "काकू, काकांच्या बोगद्यातून सगळी दुनिया चाललीय. ऐका," आणि फोन उंच धरला. ढोल, शिट्ट्या, पावलं. पुन्हा कानाला लावला तेव्हा पलीकडची खडखड वाढली होती. काकू एकदम घाईघाईने म्हणाल्या, "बरं, ठेव आता. आमचा बोगदा आला. मी दाराशी जाऊन उभी राहते."

आणि फोन बंद झाला.