शाडूचं गेट

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मूर्तींचे डोळे आखतात. रोह्याला जाताना मी त्यांच्याकडे चहाला थांबतो; आमची घरची मूर्तीही तिथलीच. बोलताना ते हवेत ब्रश फिरवत राहतात, जणू शेवटचा शब्द रंगवायचा राहिलाय.

उन्हाळ्यात ते पाटावर शाडूचं एक गेट घडवतात. कासूजवळच्या माळावर एक सिनेमा पार्क उभारायचं त्यांच्या मनात आहे, त्याचं हे गेट. मधोमध तिकीटखिडकी आणि तिच्यामागे चुण्याचुण्यांचा मातीचा पडदा.

"आत काय असणार?" मी एकदा विचारलं.

"आतलं ठरवलं नाय. पिक्चर सुरू व्हायच्या आधी माणूस कसा गप्प होतो? तसा गेटातच झाला पायजे."

यंदा ऑर्डरी वाढल्या आणि शाडू कमी पडला. माझ्यासमोरच त्यांनी गेट मोडून पिंपात भिजत घातलं. मी चहाचा कप खाली ठेवला.

"दरसाल मोडतो," ते म्हणाले. "तुमच्या मूर्तीत पडद्याची माती घालतो."

चतुर्थीला ऐन आरतीच्या तोंडावर लाईट गेली. समईच्या उजेडात घरातले सगळे एकदम गप्प झाले. मी मूर्तीसमोर हात जोडून उभा होतो, पडदा सरकायची वाट बघत.