कमलीबाईचा गुरुवार

किन्हीराजा गावच्या कमलीबाईला सहा वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं, आणि तिचंही त्यावाचून अडलं नव्हतं. नवरा सोमला सहा वर्षांपूर्वी वारला, पोटी मूल नाही. दोन एकरांत ज्वारी-तूर पिकवायची, सकाळी ओट्यावर बसून निवांत मिश्री लावायची, असं तिचं चाललं होतं.

विहीर मात्र सोमला आणि त्याचे दोन धाकटे भाऊ, अशी तिघांची सामाईक. सोमवार ते बुधवार रामधनची मोट, शुक्रवार ते रविवार बाबूसिंगची, मधला गुरुवार सोमलाचा. सोमलामागे कमलीबाईकडे बैल उरले नाहीत, तेव्हा गुरुवारी जो दीर आधी उठेल तो मोट जुंपायचा. १९५४च्या माघात पाणी खोल गेलं. दोघेही एकाच पहाटे बैल घेऊन विहिरीवर आले आणि तिथून वाशीमच्या कोर्टात गेले. गुरुवार माझाच, असं दोघांचंही म्हणणं.

पहिल्या तारखेची हकिगत बाबूसिंगच्या बायकोनं, हिरीबाईनं आणली.

"साहेबानं इचारलं, गुरुवार आधी कोणाचा होता? हे म्हणे, मोठ्या भावाचा. त्याच्यामागं कोणी हाय? हाय म्हणे, बायको. मंग तिचं नाव दाव्यात काहून नाही?"

"मंग?"

"दोघंबी म्हणे, घरची बाई हाय साहेब, कोर्टात कायले वढायची."

"दोघंबी एकच बोलले?"

"सा वर्षांत पयल्यांदा, जाऊबाई. साहेब म्हणे, तिचा दिवस वाटून मागता अन् तिलेच इचारत नाही. तिले दाव्यात घ्या, तवाच पुढचं आयकतो."

कमलीबाईला दिरांचा राग आला नाही. त्यांनी नाव वगळलं ते अब्रू राखायलाच, असं तिला वाटत होतं. कोर्टात नाव गेलेल्या बाईबद्दल लोक काय बोलतात, हे तिनं ऐकलेलं होतं.

आठवड्यानं कोर्टाचा शिपाई बदरुद्दीन सायकलवरून समन्स घेऊन आला. तिनं कागदाला हात लावला नाही.

"म्या कोणाचं काय केलं, भाऊ?"

"काहीच नाही केलं. बसून राह्यल्या, म्हणून तर मले यावं लागलं. तुमच्याबिगर निकाल होत नाही, बाई. अंगठा द्या."

अंगठ्याची शाई पुसता पुसता तिच्या मनात आलं, आठवड्याचा एक दिवस पाणी मिळालं तर विहिरीखालच्या तुकड्यात कांदा होईल. सहा वर्षांत हे मनात आलंच कसं नाही, याचं तिला नवल वाटलं.

तारखेला मोटारीत दोन्ही दिरांनी तिच्यासाठी जागा धरली. ती तिसरीकडेच बसली.

"तुम्हाला काय पाहिजे?" साहेबांनी विचारलं.

"माहा गुरुवार. बैल नाहीत मायाजवळ, ते ह्यायनं आणावे. एका गुरुवारी यानं, दुसऱ्या गुरुवारी त्यानं."

रामधननं बाबूसिंगकडे पाहिलं, बाबूसिंगनं रामधनकडे. एकमेकांसमोर नाही म्हणायची कोणाचीच छाती झाली नाही. वकिलांनी तडजोड लिहिली, तिघांचे अंगठे झाले.

दिवाळीनंतर कांद्याचं रोप लावलं त्या गुरुवारी पाळी रामधनच्या बैलांची होती. मोट भरून वर आली. रामधन म्हणाला, "वयनी, पाणी पयले कोण्या वाफ्यात घेता?"

"थांब जरा," ती म्हणाली, आणि खुरपं हातात घेऊन सगळे वाफे एकदा सावकाश फिरून आली.