मामांचं न घेतलेलं रक्त

स्पिरिटचा वास आला की मला आमच्या भीमेकाठच्या गावात, शाळेत भरलेलं रक्तदान शिबिर आठवतं. शेजारच्या मामांना हेपॅटायटिस सी झाला होता. तीन महिने गोळ्या घेतल्यावर रक्तात विषाणू उरला नाही असा रिपोर्ट आला, तरी गावातला सलूनवाला त्यांची दाढी करेना. मी संतापून 'मामा पूर्ण बरे झालेत, त्यांच्यापासून कुणाला धोका नाही' अशी पत्रकं छापून वाटली आणि मामांना म्हणालो, "सगळ्यांसमोर रक्त द्या, तोंडं बंद होतील यांची." मामा इस्त्रीचा सदरा घालून आले. रक्तपेढीच्या बाईंनी कागद वाचून शांतपणे सांगितलं, "काका, तुम्ही बरे झालात. पण हा आजार एकदा होऊन गेला की रक्त घ्यायचं नाही, असा नियम आहे." रांगेतली माणसं मागं सरकली. मी बाईंशी भांडायला लागलो, तसा मामांनी माझा हात धरला. "गप ऱ्हा. तुझं पत्रक खरं ठरावं म्हणून मला उभं केलंस, आन् आधी विचारलंस कुणाला?" मग ते शेजारच्या खाटेवर रक्त देत पडलेल्या सलूनवाल्याकडं वळले. "ऐकलंस न्हवं? बरा झालोय म्हणत्यात बाई. उद्या येतो." सुई टोचलेली, त्याला हलताही येईना. "या की मामा," तो पुटपुटला, "ब्लेड तर सगळ्यांनाच नवी लावतो." लिव्हरला झालेली इजा राहिलीच, म्हणून मामांना अजून दर सहा महिन्यांनी दौंडला सोनोग्राफीला जावं लागतं. गाडी मी चालवतो, आणि त्यांनी काढल्याशिवाय आजाराचा विषय काढत नाही.