पीटी सर गार्डनमध्ये शिरले की

पीटी सर एखाद्या गार्डन बारमध्ये शिरले की निम्मी गिऱ्हाइकं ताडकन उभी राहत. उरलेली निम्मी टेबलाखाली काहीतरी शोधू लागत. कुणाचा ग्लास खुर्चीमागे जाई, कुणाची बाटली कुंडीत उभी राही आणि चारी बाजूंनी आवाज येई, "नमस्कार सर!" त्यात पोट सुटलेले बिल्डर असत, सोन्याची साखळी मिरवणारे पुढारी असत. एकदा तर एक फौजदार होता, साध्या कपड्यांत होता म्हणून बरं. सर हात हलवून "बसा रं, बसा" म्हणत. पण सर उभे असताना बसायचं कसं? आणि सर बसल्यावर त्यांच्यादेखत प्यायचं कसं? त्यामुळे सर जोवर तिथे असत तोवर त्या बारमध्ये फक्त लिंबू सोडा खपत असे.

याला कारण सरांची नोकरी. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका हायस्कुलात ते जन्मभर पीटीचे शिक्षक होते. पेठेतल्या कित्येक घरांत बापानेही त्यांच्या हातचा मार खाल्लेला आणि मुलानेही. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्यांनी "सावधान" म्हटलं की त्या टोकाला फुटबॉल खेळणारं पोर जागच्या जागी थिजायचं. ज्याच्या खिशात तंबाखूचा मावा सापडेल त्याला ते मैदानाला फेऱ्या मारायला लावत आणि स्वतःही शेजारून पळत, पोरगं मध्येच थांबू नये म्हणून. मीही त्या फेऱ्या मारल्या आहेत. मावा माझा नव्हता, पण तेव्हा ते सांगायची सोय नव्हती.

निवृत्तीनंतर सरांनी पेठेतल्या घरातला आपला वाटा भावाला दिला आणि कळंब्याच्या पुढे नव्या वसाहतीत एक रो-हाऊस घेतलं. नेमकं माझ्या भिंतीला भिंत लागून. मी बँकेत नोकरीला, केस पांढरे व्हायला लागलेले, पण सरांचं सामान उतरताना पाहिलं आणि मी नकळत शर्ट पँटमध्ये खोचला. पहिल्याच शनिवारी संध्याकाळी ते कुंपणापाशी आले.

"चौगुले, बिअर पितोस काय?"

"न्हाय सर," मी म्हणालो. तोंडातून आपोआपच आलं.

"मी पितो. तू नुसता बस. गाडी काढ."

त्या दिवशी गाडीवर मागे बसून त्यांनी मला सगळं सांगून टाकलं. त्यांना आठवड्याला एक बिअर लागे. एकच, पण झाडाखाली आणि गप्पा मारत. शाळेत असताना ते आणि ड्रॉइंगचे सर मिळून कोल्हापूरच्या बाहेर कुठेतरी लांब जाऊन ती घेत. ड्रॉइंगचे सर वारले. तेव्हापासून सर एकटे पडले होते. मी जरा भीतभीतच विचारलं, "सर, पण तुम्ही तर आम्हाला…"

"काय आम्हाला? मैदानात मावा खाऊन येऊ नका म्हणालतो. मोठं झाल्यावर माझ्यासंगं बसू नका असं कवा म्हणालतो?" ते माझ्या कानाशी ओरडले. मग जरा वेळाने, आवाज उतरवून म्हणाले, "मान लई मिळाला रं. शाली ठेवायला कपाटात जागा न्हाय. समोर बसून एक ग्लास घेणारा माणूस तेवढा न्हाय."

सरांच्या पत्नीचा, काकूंचा, याला अजिबात विरोध नव्हता. उलट शनिवारी उशीर झाला की त्याच दारात येऊन म्हणत, "जावा की आता. हितं बसून माझ्यावर कवायत घ्यालाय सकाळधरनं."

चांगल्या गार्डनची सरांची व्याख्या ठरलेली होती. "वर झाड पाहिजे, खाली माती पाहिजे आणि मधी वळखीचं कुणी नको." यातली पहिली अट ते फार कसोशीने तपासत. आत शिरले की मेनूकार्डाकडे न बघता आधी झाडाचा बुंधा बघायचे. बारनंतर लावलेलं झाड त्यांना चालत नसे. एका ठिकाणी मालकाने मोठ्या हौसेने हिरवं प्लॅस्टिकचं लॉन अंथरलं होतं. सरांनी त्यावर चप्पल घासून पाहिली आणि मालकाला विचारलं, "हे लॉन हाय का पायपुसणं?" दुसऱ्या ठिकाणी आंबा उत्तम होता, पण आंब्यालाच स्पीकर टांगलेला. सर म्हणाले, "झाडाचं कान फुटलं असतील," आणि आम्ही तसेच परत फिरलो.

आमच्या भागात तेव्हा दर महिन्याला एखादं नवं गार्डन उघडत होतं. उसाचे फड जात होते, प्लॉट पडत होते आणि बांधावरचं एखादं झाड वाचलं की त्याच्याखाली चार खुर्च्या आणि रंगीत दिव्यांची माळ येत होती. दर शनिवारी मी गाडी चालवायचो आणि सर मागून हुकूम द्यायचे, "डावीकडं घे. हळू. त्यो बोर्ड वाच." रस्त्यावरच्या लोकांना वाटत असणार की मी कसली तरी परीक्षा देतोय.

असंच हिंडताना चिंचेचं गार्डन सापडलं. रस्त्यापासून आत, उसाच्या दोन फडांच्या मध्ये, भली थोरली चिंच, खाली शेणाने सारवल्यासारखी घट्ट माती. मालक निपाणीकडचा, पेठेशी काही संबंध नसलेला. सर शिरले, कुणी उभं राहिलं नाही. मालक गल्ल्यावरूनच म्हणाला, "या पावणं, बसा. काय देऊ?"

सरांनी माझा दंड धरला. "पावणं म्हणाला रं मला!"

त्या संध्याकाळी सर इतके खूश होते की त्यांनी शेंगदाणा मसाला दोनदा मागवला आणि ड्रॉइंगच्या सरांच्या नकला करून दाखवल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "घे की लेका. हितं कोण बघालंय?" मी ग्लासाकडे हात नेला. खरंच नेला. पण समोर सर बसलेले, आणि माझा हात मध्येच सावधान झाला. मी घरी मित्र आले तर पितो, लग्नाकार्याला पितो, बायकोला माहीत आहे, आईला माहीत आहे. पण सरांसमोर माझ्या घशातून थेंब उतरेना. "सोडाच बरा, सर," मी म्हणालो. सरांनी शेंगदाण्यांची बशी माझ्याकडे सरकवली.

चिंचेचं सुख दोनेक वर्षं टिकलं. मग शेजारचा ऊस गेला आणि तिथे अपार्टमेंट उभं राहिलं. त्यात राहायला कोण आलं? पेठेतली माणसं. जुन्या घरांत जागा पुरेना म्हणून सगळी इकडेच येत होती. एका शनिवारी आम्ही शिरलो आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचे चौघे खाडकन उभे राहिले. "नमस्कार सर!" मालक बिचारा बघतच राहिला. पुढच्या वेळी त्यानेही "पावणं" सोडून "सर" म्हणायला सुरुवात केली. सर मला म्हणाले, "संपलं हितलं. फुडं चल."

आम्ही पुढे सरकलो की वसाहतही पुढे सरके. एका रोपवाटिकेच्या मागचं गार्डन मिळालं, तर तिथला मॅनेजर सरांच्या कबड्डीच्या संघातला निघाला. त्याने सरांची बिअर स्टीलच्या तांब्यात घालून आणली, वर बशी झाकलेली. वाकून हळूच म्हणाला, "सर, कुणाला कळणार न्हाय." सरांचा पारा चढला. "मी काय चोरी केलीया? काचंच्या ग्लासात आण!" मॅनेजरने ग्लास आणला, पण टेबलाभोवती मोठ्या कुंड्यांचा आडोसाही करवून घेतला. त्या आडोशात बसून आम्ही डास मारले.

दुसऱ्या एका मालकाने तर मला बाजूला घेऊन हात जोडले. "भावा, सर आले की आनंदच हाय. पण शनिवारचं गिऱ्हाईक सोडा पिऊन घरी जालंय. जरा मंगळवारी आणशील काय?" हे मी सरांना कधीच सांगितलं नाही. पण त्यांना समजलं असावं. नंतर ते गाडीवरून उतरायच्या आधी बाहेरूनच टेबलं न्याहाळत, ओळखीचा चेहरा दिसला की मला पाठीत हलकेच टोचत आणि आम्ही न थांबता पुढे जात असू. त्या वेळी मागे वळून त्यांचा चेहरा बघायचं मी टाळायचो. मला वाईट वाटायचं.

मग काकूंचे गुडघे फारच दुखायला लागले. जिना चढवेना. पुण्यातली त्यांची मुलगी आमच्याकडं राहायला या म्हणून किती दिवस मागे लागली होती, शेवटी सरांनी जायचं ठरवलं. ही बातमी पेठेत पोहोचली आणि पेठेने जे करायचं तेच केलं. सत्कार ठरवला. सगळ्यांचे संसार आता आमच्याच बाजूला, आणि एका विद्यार्थ्याचं स्वतःचं प्रशस्त गार्डन, त्यामुळे जागाही तीच ठरली. वडाचं झाड, खाली माती. सरांना आवडेल अशी जागा होती.

मी सरांना घेऊन गेलो तेव्हा दारात सनईवाला बसवलेला होता. वडाला बॅनर बांधला होता. बारची सगळी कपाटं पांढऱ्या चादरींनी झाकून टाकली होती आणि ओळीने मांडलेल्या टेबलांवर कोकम सरबताचे ग्लास होते. माणसं तर केवढी! सर शिरले आणि सगळे एकदम उभे राहिले. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. मग साळोखे उठला. साळोखे आता मोठा कंत्राटदार आहे आणि त्याचा आवाज सरांच्या खालोखाल आहे. तो म्हणाला, "सरांनी आम्हाला घडवलं. असा निर्व्यसनी माणूस पुन्हा होणे नाही. ज्यांनी आयुष्यात दारूच्या थेंबाला कधी स्पर्श केला नाही…" टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या किमान निम्म्यांनी सरांच्या हातात ग्लास पाहिलेला होता.

सर उत्तराला उठले. फेटा डोळ्यांवर आला होता तो मागे सारला.

"साळोख्या, भाषण झ्याक केलंस. पण खोटं केलंस." सगळे हसले. सर हसले नाहीत. "मला बिअर आवडती. शनिवारी एक. हितं राहायला आल्यापास्नं मी एक चांगलं गार्डन हुडकत हिंडलो. तुम्ही मला एकेका गार्डनातनं बाहेर काढलासा. मारून न्हाय, नमस्कार करून. एकानं बी खुर्ची वढून 'सर, मी बसू काय तुमच्यासंगं?' म्हणून इचारलं न्हाय. आता मी चाललोय. शाल घेऊन जातो, नारळ बी घेऊन जातो. पण माझ्यासंगं बसणारं कोण हाय काय हितं?" मग त्यांनी वेटरकडे बघून हाक मारली, "एक बिअर आण."

सनईवाल्याने सनई खाली ठेवली. वेटर मालकाकडे बघू लागला, मालक जमिनीकडे. इतकी माणसं, पण खुर्ची कुणीच ओढेना. आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला.

"दोन."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तू पितोस व्हय रं?"

"व्हय सर. कवाधरनं."

"मला ठाव हाय की," सर म्हणाले. "तुझ्या बायकोनंच सांगितलंय."

पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही. पण साळोखे म्हणाला, "मला बी एक," मागून कुणी म्हणालं, "आम्हाला बी," आणि मालकाने स्वतः उठून कपाटांवरच्या चादरी ओढून काढल्या. सरांनी माझा ग्लास स्वतःच्या हाताने भरला. "वाकडा धर. फेस कमी येतो." मी पहिला घोट घेतला, आणि गेला की घशाखाली. मग खुर्च्या सरकल्या, ओळी मोडल्या आणि सरांभोवती कोंडाळं झालं. साध्या कपड्यांतल्या त्या फौजदाराने मान्य केलं की प्रार्थनेच्या वेळी तो मागच्या भिंतीवरून उडी मारून पळायचा. सर म्हणाले, "मला दिसायचास. तुझा बाप आजारी हुता, तू दुकान उघडायला जायचास. म्हणून मी तिकडं बघायचो न्हाय." फौजदाराने आपली खुर्ची सरांच्या आणखी जवळ ओढली. निघताना सरांनी फेटा साळोख्याच्या डोक्यावर ठेवला. सगळे गाडीपर्यंत सोडायला आले.

सर पुण्याला गेले आणि शेजारची भिंत गप्प झाली. महिनाभराने त्यांचा फोन आला. पुण्यात गार्डनं पुष्कळ आहेत म्हणाले. जुनी झाडं आहेत, माती आहे, वेटर अदबीने वागतो, स्पीकर नाही.

"मग झालं की, सर. जसं पाहिजे तसं मिळालं."

"व्हय," सर म्हणाले. "काल गेलतो. आत शिरलो, पार शेवटच्या टेबलापर्यंत चालत गेलो. एकजण बी उठला न्हाय रं, चौगुले."

पुढच्या शनिवारी मी पहाटेच्या गाडीने पुण्याला गेलो. सरांनी सांगितलेलं गार्डन शोधून काढलं आणि ते यायच्या आधीच जाऊन बसलो. संध्याकाळी सर दारातून आत आले. जरा वाळले होते, चाल तीच. मी खुर्ची मागे ढकलली, ताठ उभा राहिलो आणि पार पलीकडच्या टेबलांना ऐकू जाईल असं ओरडलो, "नमस्कार सर!" सगळं गार्डन वळून बघायला लागलं. सर सगळ्यांच्या मधून सावकाश चालत आले, छाती पुढे काढून.

"बस रं, बस," ते म्हणाले. मग वेटरला दोन बोटं दाखवली.